पावणं, गाव कुठलं?

गेल्या वर्षी मंचरच्या एका मंगल कार्यालयात मला बोलावणं आलं. छोट्या धंदेवाल्यांनी एकमेकांच्या ओळखी करून घ्यायच्या असा कार्यक्रम होता, आणि त्याचं नाव होतं 'स्पीड नेटवर्किंग'. तमाशातून निवृत्त झाल्यापासून मी मंडप-लाइटची किरकोळ कामं घेतो, म्हणून कुणीतरी माझंही नाव दिलं असणार. हॉलमध्ये समोरासमोर खुर्च्यांच्या दोन रांगा. समोरच्याशी तीन मिनिटं बोलायचं, घंटी वाजली की उठायचं आणि पुढच्या खुर्चीवर बसायचं. माइकवरची मुलगी उत्साहानं म्हणाली, "ही पद्धत आपल्या भागात पहिल्यांदाच येतेय बरं का!"

मला हसू आवरेना. पहिल्यांदाच म्हणे! अगं बाई, या घंटीशिवायच्या घंटीवर मी जन्म काढला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चैत्र-वैशाखात आमच्याकडे गावोगाव जत्रा भरतात, आणि जत्रा म्हटली की रात्री तमाशा लागतोच. तो ठरवायला गावचे पंच जीप, टेम्पो, मिळेल त्या गाडीनं नारायणगावला येतात. पाडव्याच्या आधीपासून तिथं प्रत्येक फडाची, म्हणजे तमाशाच्या मंडळीची, एकेक राहुटी लागलेली असते. कापडी तंबू, बाहेर फडाचा बोर्ड, आत गादी, गणपतीचा फोटो, पंचांग आणि मॅनेजर. पंच एका राहुटीत शिरतात, चहा घेतात, चार प्रश्न विचारतात आणि उठून शेजारच्या राहुटीत जातात. दुपार कलेपर्यंत त्यांच्या सगळ्या राहुट्या पालथ्या घालून झालेल्या असतात. तेवढ्या चहात मॅनेजरनं ओळखायचं की गाव कसं आहे, देव कुठला, तिथी कोणती, गावात तट किती आणि यांच्यात शब्द कुणाचा चालतो. पंचांनी ओळखायचं की हा माणूस जत्रेच्या दिवशी फड घेऊन खरोखर येईल का. कारण जत्रेला तमाशा आला नाही तर पंचांना गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. जमलं की नारळ आणि सुपारी समोर ठेवायची. ती उचलली की शब्द झाला.

मी हौसाबाईंच्या फडाचा मॅनेजर होतो. त्यांना सगळे अक्का म्हणत. नव्वदच्या दशकात माझी उमेद होती आणि पुढं दोन हजारच्या सालात ती हळूहळू ओसरली, पण होळी झाली की माझे पाय अजून घरात ठरत नाहीत. बायको म्हणते, "आता कुठं जायचंय तुम्हाला?" कुठंच जायचं नसतं, पण बसवत नाही. तेव्हाही बसवत नसे. गादीवर बसून वाट पाहणारे मॅनेजर होते, मी मात्र राहुटीच्या तोंडाशी उभा. एखादी जीप आमच्यासमोर हळू झाली की मी चहावाल्याला खूण करायचो आणि ती पुढं गेली की खूण मागं घ्यायचो. दिवसभर हेच. बोलणाऱ्याची माती विकते म्हणतात, पण बोलायला माणूस आधी आत तर आला पाहिजे!

आणि आत आला की पहिला प्रश्न एकच. "पावणं, गाव कुठलं?"

या प्रश्नात माझा सगळा धंदा होता. गाव कळलं की देव कळतो, देव कळला की तिथी, तिथीवरून घाई किती आहे ते. गाव कळलं की मी म्हणायचो, "म्हणजे तुमच्याकडं ते देवळामागं चिंचेचं झाड!" चिंचेचं झाड नसलेलं देऊळ आमच्या तालुक्यात मिळणं कठीण, त्यामुळे पावणं खूश व्हायचं.

माझे अंदाज बरोबर येत असं मात्र समजू नका. पंचांमध्ये जो बोलतो त्याच्या हातात काही नसतं, गप्प बसतो तोच खरा, असा माझा सिद्धांत होता. एकदा मोठी मंडळी आली. टोपीवाले एक गृहस्थ सारखं बोलत होते आणि कोपऱ्यात एक दणकट माणूस मुकाट बसला होता. मी ओळखलं, हाच! पहिला चहा त्याला, पान त्याला, वगाची सगळी गोष्ट त्याच्या तोंडाकडे बघून सांगितली. शेवटी टोपीवाले उठले आणि म्हणाले, "मॅनेजर, आमच्या डायवरला तमाशा लई आवडलेला दिसतोय. त्येच्या घरी लावा." सगळे हसत शेजारच्या राहुटीत गेले आणि सुपारी तिथंच पडली. पुढं कित्येक वर्षं इतर मॅनेजर माझ्याकडे एखादा ड्रायव्हर पाठवून द्यायचे, "ह्येस्नी वग सांगा" म्हणून.

टीव्ही घरोघर आला तसे तरुण पंच येऊ लागले. वग कोणता, सोंगाड्या कोण, हे कुणी विचारीना. हिंदी गाणी किती आणि नाचणाऱ्या किती, एवढंच. एका वर्षी एकजण म्हणाला, "आधी माल तर दावा." मी काही बोलायच्या आत आतल्या पडद्यामागून अक्का बाहेर आल्या. डोक्यावर पदर, कपाळाला मोठं कुंकू. म्हणाल्या, "बैल बघायला आला असशील तर बाजार पल्याड भरतो, बाबा. दात मोजून घे." पोरगा तोंड लपवत गेला. सुपारीही गेली, पण त्या दिवशी मला तिचं वाईट वाटलं नाही.

आता खडकमाळची गोष्ट.

खडकमाळ हे भीमाशंकरच्या वाटेवरचं डोंगरातलं गाव. भाताची खाचरं, नाचणी, वर काळोबाचं ठाणं. जत्रा चैत्र वद्य त्रयोदशीला. ही तिथी आमच्या लेखी फार मोलाची. अष्टमीला, पौर्णिमेला सगळीकडेच जत्रा, तेव्हा फड पुरत नाहीत. त्रयोदशीला आसपास कुठंच काही नसतं, आणि जत्रेच्या दिवसांत फड एक रात्र जरी बसून राहिला तरी माणसं चुळबुळ करतात, दुसऱ्या फडाकडे बघू लागतात. खडकमाळनं ती रात्र आमच्यासाठी धरून ठेवली होती, अक्कांच्या आईपासून.

त्याला कारण होतं. अक्का तरुण होत्या तेव्हा त्यांची आई, फडाची जुनी मालकीण, खडकमाळच्या जत्रेतच वारली. तमाशातल्या बाईला खांदा कोण देणार? खडकमाळच्या माणसांनी दिला. गावच्या बायांनी अक्कांना घरी नेलं, न्हाऊ घातलं, जेवू घातलं. तेव्हापासून दर जत्रेला फड गावात शिरला की आधी अक्कांची ओटी भरायची, मग तंबू ठोकायचा. सगळ्या महाराष्ट्रात ही बाई नाचली, पण माहेर म्हणून तिला एवढं एकच गाव होतं.

मग धरण झालं आणि खडकमाळ पाण्याखाली गेलं. निम्मे लोक वरच्या माळावर सरकले, काळोबाच्या जवळ. निम्म्यांना खाली पारगावच्या बाजूला कालव्याकाठी जमिनी मिळाल्या. तिथं त्यांनी ऊस लावला. पाणी चढल्यावर एखाद-दुसरी जत्रा वरच्या माळावर कशीबशी झाली.

मग एका वर्षी सकाळी राहुटीत गंगाराम आला, वरच्या लोकांचा पुढारी. काटक, बोलणं थोडकं. म्हणाला, "मॅनेजर, तेरस. न्हेमीपरमानं." अक्का ओझरला गणपतीच्या दर्शनाला गेल्या होत्या, तेव्हा त्या आल्यावर नारळ देतो म्हणून तो बाजारात गेला. माझ्या जिवाला तेवढंच गार वाटलं. दुपारी गर्दी उसळली. एक टोळकं उठतंय तोवर दुसरं बसतंय. त्यात सावळाराम आत आला, त्याच्याबरोबर चार-पाच माणसं. सावळाराम म्हणजे गंगारामचा चुलत भाऊ, खाली गेलेल्यांचा पुढारी. त्याचा चेहरा माझ्या ओळखीचा होता आणि मी घाईत होतो. मी चहावाल्याला हाक मारता मारताच म्हणालो, "या खडकमाळ! तुमचं झालं की सकाळीच. गंगारामभाऊ येऊन गेले."

सावळाराम बसता बसता उभा राहिला. "गंगाराम? त्यो कोन आमच्या जत्रंची सुपारी देनारा?"

मी ज्या प्रश्नावर धंदा केला तोच त्या दिवशी विचारला नव्हता. विचारला असता तरी काय झालं असतं म्हणा! दोघांचंही उत्तर एकच आलं असतं.

तेवढ्यात गंगाराम बाजारातून परतला, मागोमाग अक्काही आल्या. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. दोघांनी अक्कांच्या समोर आपापला नारळ ठेवला. दोघांची तिथी तीच, देव तोच, गावाचं नाव तेच. जागा मात्र एक वर माळावर, एक खाली कालव्याकाठी.

"देव हलत न्हाई," गंगाराम म्हणाला. "डोंगार तिथं काळोबा."

"मुखवटा आमच्या घरात हाय," सावळाराम म्हणाला. "पिढ्यान्‌पिढ्या आमीच पुजतू. देव मुखवट्यात असतू."

"मंग पालखी आमच्याकडं कशापायी टाकून गेला? रिकामी नाचवू व्हय?"

"नाचीव की! वायली जत्रा करायची हौस तुमास्नी."

"हौस? गाव सोडून कोन गेलं, राव?"

"गेलू न्हाई. पान्यानं घालवलं."

बाहेर जीपचे हॉर्न वाजत होते, दारात दुसऱ्या गावचे पंच ताटकळले होते आणि मी मनात चडफडत होतो की यांनी लवकर काहीतरी ठरवावं. धंद्याचा नियम सरळ होता. जो आधी आला त्याची रात्र. मी अक्कांना तसं म्हणालोही.

अक्कांनी माझ्याकडे नुसती नजर टाकली. त्यांनी दोन्ही नारळ उचलले, दगडावर फोडले आणि दोन्हींचं खोबरं एकाच ताटात मिसळलं. वरच्यांच्या हातावर एकेक तुकडा, खालच्यांच्या हातावर एकेक.

"भाऊ वायलं निघत्यात," त्या म्हणाल्या, "म्हनून भनीला दोन म्हायेरं व्हत न्हाईत. सुपारी मी दोघांची घेतली. तमाशा येकच. जागा तुमी ठरवा आन्‌ मला कळवा."

"आन्‌ न्हाई ठरली तर?" गंगारामनं विचारलं.

"तर त्या दिशी मी हितंच बसून ऱ्हाईन. दुसऱ्या कुनाची सुपारी घ्यायची न्हाई. आयकलं का, मॅनेजर?"

ऐकलं. पण माझी झोप उडाली ती उडालीच. पाडवा झाला, निरोप नाही. रामनवमी झाली, निरोप नाही. इकडे साखर कारखान्याच्या बाजूचं एक तालेवार गाव आमच्या मागं लागलं. अष्टमीला फड मिळेना, म्हणून त्यांना नेमकी त्रयोदशीच हवी होती, आणि मागू ते द्यायला तयार होते. मी 'उद्या सांगतो, परवा सांगतो' करत त्यांना झुलवत ठेवलं. ढोलकीवाला बाबू एक दिवस म्हणाला, "मॅनेजर, जत्रंच्या दिसात फड बसून ऱ्हातो व्हय? लोक हसत्याल आपल्याला." दोन पोरी दुसऱ्या फडात जायची भाषा करू लागल्या. मी अक्कांकडे गेलो. म्हटलं, भावनेवर फड चालत नाही. त्या म्हणाल्या, "मंग कशावर चालतो? तुमच्या पंचांगावर?"

मला राहवेना. मी एस.टी. धरली आणि आधी वर गंगारामकडे गेलो. त्यानं जेवू घातलं. जागेचं नाव काढलं की तो भिंतीकडे बघे. निघताना मात्र हळूच म्हणाला, "सावळ्याच्या म्हातारीचा गुडघा कसा हाय?" दुसऱ्या दिवशी खाली सावळारामकडे गेलो. तिथंही चहा, गूळ, पाहुणचार, आणि जागेविषयी अवाक्षर नाही. त्याची म्हातारी आई ओसरीवरून म्हणाली, "वरच्या फनसाला औंदा फळ धरलंय का रं?" मी दोन्हीकडचे निरोप दोन्हीकडे पोचवले. पण गुडघा आणि फणस यांच्यातून जत्रा काही ठरत नव्हती. तालेवार गावाला शेवटी मीच नाही म्हणून कळवलं.

त्रयोदशी उजाडली. बाकीचे फड लांबच्या तालुक्यांत गेले होते, आमची माणसं तेवढी गाडीच्या सावलीत पत्ते कुटत होती. राहुट्यांत वैशाखाच्या जत्रा ठरवणारे पंच येत-जात होते. शेजारचा मॅनेजर खवचटपणे म्हणाला, "काय, आज सुट्टी?" अक्का सकाळीच न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून राहुटीत बसल्या होत्या. मी आत-बाहेर करत होतो. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

ऊन कलता कलता एक टेम्पो समोर थांबला. सावळाराम उतरला. छातीशी धोतरात गुंडाळलेलं काहीतरी. मागं बाया, माणसं, त्याची म्हातारी.

"अक्का," तो म्हणाला, "जत्रा काय झाली न्हाई. पर तेरसंला काळोबानं ढोलकी आयकायची असती. ती तुमच्यापाशी हाय, म्हनून त्येलाच हितं घिऊन आलू."

अक्का उठेपर्यंत दुसरा टेम्पो येऊन थांबला. त्याच्या टपावर पालखी बांधलेली. गंगाराम खाली उतरला आणि सावळारामला बघून जागीच थबकला. कुणी न विचारताच म्हणाला, "रिकामी का व्हईना, आजच्या दिशी पालखी घरात ठिवीत न्हाईत."

एकीकडे मुखवटा, एकीकडे पालखी, मधे आमची राहुटी. दोन्हीकडची माणसं उभीच्या उभी. एरवी माणसामाणसांची तोंडं जुळवून देणं हाच माझा धंदा, पण त्या घटकेला मी नुसता चहावाल्याला शोधत राहिलो.

तेव्हा सावळारामची म्हातारी गुडघ्यावर हात ठेवत पुढं आली. तिनं लेकाच्या हातातून मुखवटा काढून घेतला, चार पावलं टाकली आणि गंगारामच्या माणसांना म्हणाली, "मुडद्यांनो, बघत काय ऱ्हायलाय? हात भरून आलं माजं. उतरवा ती पालखी खाली. ह्यो ठिवू कुठं?"

पालखी खाली आली. मुखवटा आत बसला. गंगाराम वाकला तो आधी देवापुढं की म्हातारीपुढं, मला सांगता येणार नाही. माझेच डोळे भरून आले होते.

मग बायांनी अक्कांना पाटावर बसवलं. वरच्यांनी डोंगरातले तांदूळ आणले होते, खालच्यांनी गुळाचे खडे. दोन्हींनी ओटी भरली. अक्कांनी पदराची गाठ मारली आणि नाचणं सोडून बरीच वर्षं झालेल्या त्या बाईनं हाक दिली, "बाबू, ढोलकी घे!"

ज्या जागेत तमाशा फक्त ठरायचा, तिथं त्या दिवशी तो झाला. भर उजेडात, बिनपडद्याचा, बिनतिकिटाचा. आधी गण, मग गवळण. बाकीच्या राहुट्यांतले मॅनेजर बाहेर आले, त्यांच्यामागं परगावचे पंच आले. मघाशी खवचट बोलणारा सगळ्यांत पुढं मांडी घालून बसला होता. अक्कांना दम लागत होता, पण त्या थांबल्या नाहीत. पालखीच्या एका दांडीला गंगाराम होता आणि दुसऱ्या दांडीला सावळाराम.

त्यानंतर अक्का फार दिवस राहिल्या नाहीत फडात. थकल्या, घरी बसल्या. पुढं मोबाइल आले. आता पंच राहुटीत यायच्या आधीच फोन येतो, "डेट हाय का?" गाव विचारायच्या आत फोन बंद होतो. मंचरच्या त्या हॉलमध्येही तेच. समोर बसलेल्या तरुणाला मी सवयीनं विचारलं, "पावणं, गाव कुठलं?" त्यानं माझ्या हातात व्हिजिटिंग कार्ड ठेवलं आणि तो स्वतःच्या कंपनीविषयी सांगत सुटला. घंटी वाजली तेव्हा त्याचं गाव मला कळलेलं नव्हतं. पुढच्या खुर्चीवर न जाता मी उठून बाहेर आलो आणि मंचरच्या स्टँडवर उगाच येरझाऱ्या घातल्या.

खडकमाळचं राहिलं. त्या त्रयोदशीच्या पुढच्या वर्षी राहुट्या लागल्या आणि मी नेहमीसारखा दाराशी उभा होतो. एक जीप आमच्यासमोर थांबली. गंगाराम आणि सावळाराम एकाच जीपमधून उतरले. वाटेत पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून भांडण झालं होतं, ते उतरल्यावरही चालूच होतं. दोघं आत आले, गादीवर टेकले. जागा ठरली का, हे विचारायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून मी आधी तेच विचारलं जे गेल्या वर्षी घाईत राहून गेलं होतं.

"पावणं, गाव कुठलं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. उत्तर आधी कुणी द्यायचं यावरून आता पुन्हा जुंपते की काय, असं मला वाटलं.

"खडकमाळ," दोघं एकदमच म्हणाले.